लंडन ते पॅरिस सायकलवर : सर्टिफिकेटच्या आधी तयारी

चांगल्या कामासाठी सायकल चालवून देणगी गोळा करणे ही पद्धत आपल्याकडे अजून नवीन आहे. ब्रिटनमध्ये मात्र ती चांगलीच रुळली आहे. तेथे एखादा कारकून, एखादी शिक्षिका किंवा बसचा ड्रायव्हर आपल्या नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना सांगतो, ‘मी अमुक इतके अंतर सायकलने जाणार आहे, तुम्ही त्यासाठी या संस्थेला देणगी द्या.’ ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या हृदयरोगाविषयी काम करणाऱ्या संस्थेची लंडन ते ब्रायटन ही सायकलफेरी १९८० सालापासून प्रसिद्ध आहे. तिचे अंतर ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ कि.मी. आहे. ब्रायटन जवळ आले असे वाटत असतानाच डिचलिंग बीकन नावाची खडी टेकडी आडवी येते. अनेकजण तेथे सायकल हातात धरून चालत चढतात.

याहून मोठी मोहीम म्हणजे लंडन ते पॅरिस. निरनिराळ्या संस्था ती आयोजित करतात. मार्गाप्रमाणे अंतर सुमारे ४०० ते ५०० कि.मी. भरते आणि ते बहुधा चार दिवसांत कापायचे असते. मध्ये इंग्लिश खाडी बोटीने ओलांडावी लागते. तिकडे स्थायिक झालेली आपली मुले-मुली अशा मोहिमांत भाग घेतातच, पण आता येथून काका, मामा, आईवडीलही त्यांच्याबरोबर जाऊ लागले आहेत. मग जाण्यापूर्वी फॅमिली डॉक्टरकडे चक्कर होते, ‘डॉक्टर, एक फिटनेस सर्टिफिकेट हवे होते.’

सर्टिफिकेट लिहायला पाच मिनिटे लागतात. शरीराची तयारी व्हायला सहा महिने लागतात. या दोन गोष्टींमध्ये गल्लत होऊ नये, म्हणून आजचा लेख.

शरीरावर नेमका काय भार पडतो?

आपल्यापैकी पुष्कळांनी शाळा-कॉलेजच्या दिवसांत भरपूर सायकल चालवलेली असते. त्यामुळे ‘सायकल काय, येतेच की’ असे वाटते. एका दिवसात ६०-७० कि.मी. जाणे धडधाकट माणसाला जमूनही जाते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. मांड्या भरून आलेल्या, बसण्याची जागा हुळहुळी झालेली, झोप अपुरी आणि पुन्हा सहा ते आठ तास सायकलवर काढायचे. असे लागोपाठ चार दिवस. आषाढी वारीला गेलेल्यांना हे चटकन समजेल. पहिल्या मुक्कामाला पाय दुखत नाहीत, ते तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला बोलू लागतात. म्हणून तयारी करायची ती एका मोठ्या दिवसाची नव्हे, तर लागोपाठच्या दिवसांची.

आधी तपासणी

ज्यांचे वय ४०च्या पुढे आहे, ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, जे तंबाखू-सिगारेट घेतात किंवा ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे, त्यांनी सायकल विकत घेण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे. आपल्या लोकांमध्ये हृदयविकाराचा झटका पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. रक्तदाब, उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि ईसीजी एवढ्या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. स्त्रियांनी हिमोग्लोबिन विसरू नये. रक्त कमी असेल तर कितीही सराव केला तरी धाप लागतेच.

येथे एक इशारा देतो. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे सिद्ध होत नाही. जिना चढताना छातीत दडपण येणे, पूर्वी न लागणारी धाप आता लागणे, श्रम करताना चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे, छातीत अनियमित धडधड होणे, यांपैकी काहीही असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून, त्यांनी सांगितल्यास स्ट्रेस टेस्ट करून मगच पुढे जावे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी सत्तेचाळीस वर्षांचे एक बँक अधिकारी सर्टिफिकेटसाठी आले. मोहीम तीन आठवड्यांवर आलेली. मुलगी इंग्लंडमध्ये नोकरीला, दोघे मिळून लंडन-पॅरिस करणार होते. देणग्याही जमल्या होत्या. रक्तदाब १७० / १०४ निघाला. खोदून विचारले तेव्हा म्हणाले, ‘देवीच्या पायऱ्या चढताना छातीत जरा आवळल्यासारखे होते, पण ते पित्त असावे.’ मी सही केली नाही. ते रागावून गेले, पण पत्नीच्या आग्रहाने शहरात जाऊन स्ट्रेस टेस्ट केली. ती सदोष आली. पुढे अँजिओग्राफीत मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा सापडला व स्टेंट बसवावा लागला. त्या वर्षी मुलगी एकटी गेली. दोन वर्षांनी, हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने व पद्धतशीर सराव करून, बापलेकीने लंडन ते ब्रायटन हा लहान टप्पा पूर्ण केला. डिचलिंगची टेकडी ते चालत चढले. यात कमीपणा काहीच नाही.

वेळ का द्यावा लागतो?

शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. नियमित सराव सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवभाग वाढतो आणि दम थोडा टिकू लागतो. पुढच्या काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. मांडीच्या स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. सर्वांत सावकाश बळकट होतात त्या स्नायूंच्या दोऱ्या व सांध्यांचे बंध. त्यांना कित्येक महिने द्यावे लागतात. म्हणूनच तिसऱ्या महिन्यात एक फसवी अवस्था येते. दम भरपूर असतो, उत्साह असतो, माणूस एकदम अंतर वाढवतो आणि गुडघा धरून बसतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. नियमित व्यायामाने हृदयविकाराचा धोका कमी होतो. पण एरवी बैठे काम करणाऱ्याने एकाएकी जोराचे श्रम केले, तर त्या श्रमाच्या वेळी व नंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका वाढतो. तीन आठवड्यांत उरकलेली तयारी म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

सहा महिन्यांचा आराखडा

पहिला महिना : आठवड्यातून चार दिवस, सपाट रस्त्यावर ४५ मिनिटे ते एक तास. वेग असा की सोबत्याशी दोन-तीन वाक्ये बोलता यावीत. गाणे म्हणता येत असेल तर वेग कमी आहे, एक शब्दही फुटत नसेल तर जास्त आहे.

दुसरा महिना : मधल्या दिवशी तेवढेच, रविवारी ३० ते ४० कि.मी.

तिसरा महिना : रविवारी ५० ते ६० कि.मी. आठवड्यातून एकदा चढाचा रस्ता.

चौथा महिना : रविवारी ७० ते ८० कि.मी. जवळ छोटा घाट असेल तर तो निवडावा.

पाचवा महिना : शनिवारी ६० आणि लगेच रविवारी ८० कि.मी. हा जोडदिवसांचा सराव सर्वांत महत्त्वाचा.

सहावा महिना : पहिल्या पंधरवड्यात एकदा शनिवार-रविवार मिळून सुमारे २०० कि.मी. करून पाहावे. शेवटचे दहा-बारा दिवस अंतर निम्म्यावर आणावे. या दिवसांत जास्त सराव केल्याने ताकद वाढत नाही, फक्त थकवा साचतो.

एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात जाताना एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवावे आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच, कारण स्नायूंची डागडुजी विश्रांतीतच होते. सकाळी अंथरुणात असतानाच नाडी मोजून वहीत लिहावी. ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागली तर त्या दिवशी सायकल घरीच ठेवावी. आठवड्यातून दोनदा बैठका, सूर्यनमस्कार आणि पाठ-पोटाचे व्यायाम करावेत. तासन् तास वाकून बसायचे ते पाठीच्याच बळावर.

सायकल अंगाला बसली पाहिजे

सीटची उंची चुकली की गुडघा बोलतो. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो, तोच योग्य. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर आहे. जड गिअरवर जोर लावत बसण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ८० ते ९० फेरे मारणे गुडघ्यांना मानवते.

करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होणे म्हणजे तळहातातील नस दबते आहे. हातांची जागा सतत बदलत राहावी. बसण्याच्या जागी बधिरपणा येत असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहावे, आणि तरीही कमी होत नसेल तर सीट बदलून घ्यावी. गादी शिवलेली सायकलची चड्डी आत दुसरे काही न घालता वापरायची असते. शिवण घासून जखमा होतात त्या याच कारणाने. रोज धुतलेलीच चड्डी घालावी.

मानेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० कि.मी.ची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत १९८२ साली सुरू झाली. पहिल्या शर्यतीतील चार स्पर्धकांपैकी मायकल शर्मर यांच्या मानेचे स्नायू १९८३च्या शर्यतीत इतके थकले की डोके वर धरता येईना. त्या विकाराला आजही ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. याच शर्यतीत २०१७ साली सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत अंतर पूर्ण केले. त्यांच्या मागे वर्षानुवर्षांचा सराव होता. आपल्या चार दिवसांच्या मोहिमेत मान एवढी खचणार नाही, पण दुखेल जरूर. तिचे व खांद्यांचे व्यायाम पहिल्या महिन्यापासूनच करावेत. नवी सीट, नवे बूट शेवटच्या महिन्यात आणू नयेत.

खाणे आणि पाणी

यकृत व स्नायू मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवलेली असते. जोराच्या श्रमात दोनेक तासांत ती बरीचशी संपते. मग हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच खात राहावे. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पुरतात. एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात. खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू हे खिशात मावणारे आणि पोटाला ओळखीचे पदार्थ आहेत. मोहिमेवर जे खाणार तेच सरावात खाऊन पाहावे. चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला लांबचा सराव ठेवू नये.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे, साधारण तासाला अर्धा लिटर, उन्हात थोडे अधिक. ‘जितके जास्त तितके चांगले’ हा समज चुकीचा आहे. भरमसाट साधे पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम कमी होते. डोके दुखणे, उलटी, बोटे सुजणे, बरळणे ही त्याची लक्षणे, आणि ती पाणी कमी पडल्याचीच समजून लोक आणखी पाणी पाजतात. सरावाच्या आधी व नंतर वजन करावे. सत्तर किलोच्या माणसाचे वजन दीड किलोहून अधिक घटले तर पाणी कमी पडले, आणि वाढले तर जास्त झाले. मीठ-साखर-लिंबाचे सरबत उत्तम. आपल्याकडे उन्हाळ्यात सराव पहाटेच उरकावा.

औषधे चालू असणाऱ्यांसाठी चार शब्द. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांब सरावात आणि त्यानंतरच्या रात्रीही एकदम खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोज हवेच, आणि डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे यांमुळे शरीरातील पाणी कमी होते, म्हणून त्यांविषयीही आधीच विचारावे. सर्वांनी पाळावी अशी गोष्ट म्हणजे वेदनाशामक गोळ्या घेऊन सायकल चालवू नये. घामाने कोरड्या पडलेल्या शरीरात डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

तिकडे पोहोचल्यावर

उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास व पॅरिसचे साडेतीन तास असते. झोपेची घडी बसायला दोन-तीन दिवस आधी पोहोचावे. विमानात अधूनमधून उठून चालावे, पोटऱ्या हलवाव्यात. जूनमध्येही तेथे गार पावसात भिजण्याची वेळ येते. ओल्या अंगावर वारा लागला की हुडहुडी भरते आणि ब्रेकवरची बोटे आखडतात. पाऊस न शिरणारे जाकीट बरोबर हवे.

ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असते, पण खाडी ओलांडून फ्रान्समध्ये उतरले की ती उजव्या बाजूने. पहिल्या सकाळी आणि दमलेल्या संध्याकाळी, विशेषतः चौकातल्या गोल वळणावर, जुनी सवय उफाळून येते. गटाबरोबरच राहावे. हेल्मेट घालावेच. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. विमा दोन्ही देशांत चालणारा, सायकलच्या अपघाताला लागू असणारा घ्यावा आणि त्याच्या अर्जात आपले आजार लपवू नयेत. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो.

देणगीचा शब्द आणि छातीतली कळ

आता सर्वांत महत्त्वाचे. हौसेने सायकल चालवणारा दमला की थांबतो. ज्याने पन्नास लोकांकडून देणगी घेतली आहे तो थांबायला लाजतो. ‘लोकांना काय तोंड दाखवू’ या विचाराने छातीतली कळ पित्त ठरते, चक्कर म्हणजे ऊन ठरते. चांगल्या कामासाठी निघालेला माणूस या भिडेपायी जीव धोक्यात घालतो, हे मला या मोहिमांमधले सर्वांत मोठे भय वाटते.

त्यावर उपाय निघण्यापूर्वीच करायचा. देणगी मागतानाच सांगावे, ‘मी पूर्ण तयारीने जात आहे, पण तब्येतीने नाही म्हटले तर उतरेन.’ बहुतेक मोहिमांबरोबर मागून मदतीची गाडी येत असते, ती याचसाठी असते. संस्थेकडे गेलेला पैसा रुग्णांच्या कामी येतोच. शेवटचे तीस कि.मी. आपण गाडीत बसून गेलो म्हणून त्यातून येणारे औषध कमी गुणकारी होत नाही.

पुढील लक्षणे एका कागदावर लिहून सोबत्यालाही द्यावीत, कारण दमलेल्या माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज चुकतो. यांपैकी एकही दिसले तर तेथेच उतरावे व मदत मागावी :

छातीत दडपण किंवा जबडा, खांदा, हाताकडे जाणारी कळ, श्रमाच्या मानाने फार जास्त धाप, चक्कर किंवा अनियमित धडधड, बोलण्यात गोंधळ, उन्हात एकाएकी अंगावर काटा येऊन थंडी वाजणे, लघवी चहासारखी गडद होणे. अंगात ताप असेल तर त्या दिवशी सायकल चालवूच नये. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची शक्यता असते व त्या अवस्थेतले श्रम धोक्याचे ठरतात.

ज्यांना पॅरिसला जायचे नाही अशा वाचकांनाही वरच्या आराखड्यातील पहिला महिना लागू आहे. अडगळीतली सायकल बाहेर काढून हवा भरावी, ब्रेक तपासावेत, सीटची उंची सांगितल्याप्रमाणे करावी आणि आठवड्यातून चार सकाळी पाऊण तास गावाबाहेर जाऊन यावे. छातीविषयी, साखरेविषयी शंका असणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. या विषयावरील प्रश्न वाचकांनी सदराच्या पत्त्यावर कळवावेत. पुढील आठवड्यात गुडघेदुखीविषयी.